जिप्सीला इथेनॉल पाजताना

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक पिस्टन ठेवलेला आहे. त्याच्या डोक्याला आरपार भोक आहे, करंगळी जाईल एवढं. रूमवर येणारी प्रत्येक मुलगी आधी त्यात बोट घालून बघते आणि मग विचारते, "हे काय गं?" दर वेळी सगळं सांगायचा कंटाळा आला म्हणून हा लेख. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. इंजिनाच्या चुका मात्र पोटात घालू नयेत. त्यासाठीच तर लिहितेय!

आपल्या ऑटोमोबाईल लॅबच्या शेडमधली हिरवी जिप्सी सगळ्यांना माहीत आहे. १३०० सीसीचं एमपीएफआय इंजिन, मूळ ताकद ८० बीएचपी. दोन बॅचेसपूर्वीच्या सीनियर्सनी भंगारात मिळालेला एका डिझेल गाडीचा छोटा टर्बो तिला बसवला, पुढे इंटरकूलर लावला आणि अर्धा बार बूस्टवर ती साधारण ११० बीएचपी देऊ लागली. जाताना गाडी आमच्या हवाली केली आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी ठरवलं की आता हिला इथेनॉलवर चालवायचं. अमेरिकेत ऑफ-रोड ट्रकवाले हा उद्योग हौसेने करतात, त्यांच्याकडे ई-८५ मिळतं. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये काही ठरावीक पंपांवर ई-१०० आलं. नावात १०० असलं तरी त्यात इथेनॉल साधारण ९३ टक्के असतं, बाकी थोडं पेट्रोल आणि दोन्ही एकजीव राहावीत म्हणून एक सहद्रावक. शिवाय आपल्या कॉलेजच्या कुंपणापलीकडे उसाचे फड. घरचंच इंधन म्हणायचं.

आधी एक सांगते. गाडीच्या आरसीवर इंधन म्हणून पेट्रोल लिहिलेलं असतं. असा बदल करून ती रस्त्यावर नेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही. म्हणून आमची जिप्सी कॅम्पसच्या कुंपणाआतच फिरते आणि इंधनाची सगळी कागदपत्रं सरांनी केलेली आहेत. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कुणी परस्पर प्रयोग करू नयेत.

आता गणित. घाबरू नका, थर्मोच्या पेपरपेक्षा सोपं आहे.

शुद्ध पेट्रोलचा १ किलो पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला ९ किलोच पुरते. आमच्या मिश्रणाचा आकडा ९.३ धरला. सिलिंडरमध्ये हवा तेवढीच जाणार, म्हणजे वजनाने १४.७ भागिले ९.३, सुमारे १.५८ पट इंधन ओतायला हवं. इथेनॉल थोडं जड असल्यामुळे लिटरमध्ये मोजलं तर तो आकडा दीडपटीवर येतो. इथे एक गंमत आहे. २०२५ मध्ये आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल असतंच, त्यामुळे त्याचा आकडा १४.७ नसून साडेतेराच्या आसपास भरतो. म्हणजे गाडी आज ज्या पेट्रोलवर ट्यून केली आहे त्याच्या तुलनेत वाढ ५० नाही, ४० टक्के. पुस्तकातला १४.७ डोळे मिटून घेतला की पहिल्याच पायरीला चूक. आम्ही ती केली, पण ती सुरक्षित बाजूला पडली.

इंजेक्टरचा हिशोब असा. टर्बो इंजिनाला पेट्रोलवर दर हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ६ सीसी इंधन लागतं. ११० गुणिले ६ म्हणजे ६६०, चार सिलिंडरमध्ये वाटले की प्रत्येकी १६५ सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवत नाहीत, ८० टक्के वेळच वापरतात. म्हणून १६५ भागिले ०.८, म्हणजे २०६ सीसीचा इंजेक्टर हवा. आमचे होते २१० चे. पेट्रोलला जेमतेम पुरत होते. इथेनॉलला दीडपट केलं की ३०९ येतं. म्हणजे जुने इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडे ठेवले तरी भागणार नाही. आम्ही ३३० सीसीचे चार इंजेक्टर आणले आणि बसवण्याआधी चारही मोजनळीत उडवून मोजले. एकाचा फवारा बाकीच्यांपेक्षा कमी भरत होता, तो परत केला. कॅटलॉगवर विश्वास ठेवून बसवला असता तर एकच सिलिंडर उपाशी राहिला असता, आणि सेन्सर चारही सिलिंडरच्या एकत्र धुरावर बसलेला असल्यामुळे आपल्याला कळलंही नसतं.

पंपाचंही तसंच. चार सिलिंडर गुणिले २४८ म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर, तासाला ६०. पंपाच्या खोक्यावर याहून मोठा आकडा असतो, पण तो दाब नसतानाचा. रेलमध्ये ३ बार, त्यावर बूस्टचा अर्धा, असे साडेतीन बार असताना पंप किती देतो ते बघायला हवं. रिटर्न लाईन बादलीत सोडून, दाब साडेतीनवर ठेवून, घड्याळ लावून आम्ही मोजलं तेव्हा तासाला ९५ लिटर आले. आम्ही खूश. ही बादलीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आमच्या कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणी विचारतात. लिटरमागे इथेनॉलमध्ये २१ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. टाकी लवकर रिकामी होते हे खरंच. पण टर्बो इंजिनाचा शत्रू म्हणजे उष्णता, आणि तिथे इथेनॉलचा हात कुणी धरू शकत नाही. एक किलो पेट्रोल वाफ होताना साधारण ३५० किलोज्यूल उष्णता शोषतं, इथेनॉल ८४०. वर ते ओततोही जास्त. दोन्हींचा गुणाकार केला तर तेवढ्याच हवेमागे जवळजवळ पावणेचार पट गारवा. त्यातला काही भाग मॅनिफोल्डच्या भिंतींवरच खर्च होतो, तरी उरतो तोही पुष्कळ. शिवाय ऑक्टेन शंभराच्या वर. पेट्रोलवर बूस्ट आला की नॉकच्या भीतीने स्पार्क मागे ओढून ठेवावा लागायचा, तो आम्ही ४ अंश पुढे आणू शकलो. स्पार्क पुढे आणताना जिथे टॉर्क वाढायचा थांबतो तिथे आपण थांबायचं. इथेनॉल आणखी सहन करतं म्हणून आणखी द्यायचं नसतं, फायदा शून्य आणि पिस्टनवर ताण फुकट.

लॅम्ब्डाच्या घोटाळ्यात आमचा एक आठवडा गेला. वाईडबँड सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन बघतो आणि लॅम्ब्डा काढतो. लॅम्ब्डा १ म्हणजे हवा-इंधन अगदी नेमकं, मग इंधन कुठलंही असो. पण डॅशबोर्डवरचं मीटर त्या लॅम्ब्डाला १४.७ ने गुणून दाखवतं, कारण बनवणाऱ्याने पेट्रोल गृहीत धरलंय. आम्ही शहाणे! इथेनॉलला ९ चा आकडा हवा म्हणून मीटरवर ९ दिसेपर्यंत इंधन वाढवत बसलो. मीटर १० च्या खाली जाईना, प्लग काळे ओले, ऑईलला वास, आणि गाडी खोकतेय. मीटरवरचे १० म्हणजे लॅम्ब्डा ०.६८, निव्वळ इंधनाची अंघोळ. शेवटी मीटरचं सेटिंगच लॅम्ब्डावर केलं आणि बूस्टमध्ये ०.८० धरलं. हाच आकडा जुन्या मीटरवर ११.८ दिसला असता. मग ऑईल बदललं, कारण त्यात इथेनॉल उतरलं होतं. जे कुणी हे काम करतील त्यांनी मीटर पहिल्या दिवशी लॅम्ब्डावर टाकावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. साधे रबरी पाईप इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, त्यामुळे ते बदलले. जस्ताचा मुलामा आणि उघडं ॲल्युमिनियम त्याला चालत नाही. थंडीत पहाटे गाडी सुरू होत नाही, कारण साधारण १२-१३ अंशांखाली शुद्ध इथेनॉलची पेटण्याइतकी वाफच तयार होत नाही. ब्राझीलमध्ये १९७९ पासून इथेनॉलच्या मोटारी विकल्या गेल्या. तिथे बॉनेटखाली एक छोटी पेट्रोलची टाकी असायची, फक्त सकाळी स्टार्ट करण्यापुरती. आम्ही सलाईनची बाटली वापरली. हसू नका, चालते! आणि आग. इथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. टेस्टच्या वेळी पावडरचा सिलिंडर हातात घेऊन एकाने उभं राहायचंच, मोबाईल हातात घेऊन नाही.

टाकीत नक्की किती इथेनॉल आहे हे बघायची घरगुती पद्धत केमिस्ट्री लॅबच्या मोजनळीत होते. ५० मिली इंधन, ५० मिली पाणी, हलवा, ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. खालचा थर ६० वर आला तर १० मिली इथेनॉल, म्हणजे २० टक्के. थोडं कमीच दिसतं, कारण पाणी आणि इथेनॉल एकत्र आले की आकसतात. पण अंदाजाला पुरेसं.

आता ऑफ-रोडचं दुखणं, जे रस्त्यावरच्या गाडीला नसतं. चढावर टाकीतलं इंधन मागे सरतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. पेट्रोलवर हे टाकी पाव असताना व्हायचं. इथेनॉल दीडपट खपतं, म्हणून तीच वेळ लवकर येते, आणि नेमकी चढावर, जिथे बूस्ट पूर्ण असतो. आम्ही मध्ये एक लिटरची छोटी टाकी घातली, तिच्यातून पंप ओढतो. दुसरं म्हणजे खडकांवरून हळू चालवताना पुढून वारा नसतो. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं आणि आमची रेल टर्बोच्या शेजारून जाते. तिला पत्र्याचा आडोसा केला.

आणि आता भोक.

टेकफेस्टच्या आदल्या दिवशी माझ्या नावापुढे एकच काम होतं, फिल्टर बदलणं. वर्कशॉपचे मामा आठवडाभर सांगत होते, "ताई, जुनी टाकी हाय. ही दारू सगळा गाळ सोडवून आणणार बघा. दोन टाक्या झाल्या की फिल्टर बदलायला लागतोय." मामांचं बरोबर होतं. इथेनॉल उत्तम द्रावक आहे, वीस-वीस वर्षं टाकीच्या तळाला चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवतं आणि त्यात अडकलेला गंजही मोकळा होतो. दोन टाक्या होऊन गेल्या होत्या. संध्याकाळी लेडीज हॉस्टेलचा इन-टाईम साडेआठचा. आठ वाजले तेव्हा मी गाडीखाली होते आणि फिल्टरचा युनियन नट गंजून बसलेला. मी विचार केला, बादलीत ९५ लिटर मोजलेत, हवेत ६०, एवढं मार्जिन आहे. मुलांना सांगितलं असतं तर त्यांनी रात्री बदलला असता. मी कुणाला सांगितलं नाही, कारण काम माझ्या नावावर होतं आणि ते झालं नाही हे सांगायची लाज वाटली. मामांनी सकाळी विचारलं, "झालं न्हवं ताई?" मी हो म्हणाले.

ती बादली नव्या फिल्टरने मोजली होती.

मेकॅनिकल बिल्डिंगमागच्या मुरमाच्या चढावर गाडी पहिल्यांदा सुरेख गेली. टाळ्या, शिट्ट्या. दुसऱ्या वेळी गिअर दुसरा, साडेचार हजार आरपीएम, बूस्ट पूर्ण. आवाज एकदम गुळगुळीत. मग काहीच न वाजता ताकद गेली आणि ऑईलच्या ब्रीदरमधून पांढरा धूर आला. लोकांना वाटलं हा शोचा भाग आहे.

लॅपटॉपवरच्या लॉगमध्ये सगळं होतं. पहिल्या चढावर लॅम्ब्डा ०.८०. दुसऱ्या चढावर ०.८२, ०.८६, ०.९३, शेवटी १.०४. इंजेक्टर तेवढेच उघडत होते, पण रेलमध्ये दाबच उरला नव्हता, कारण फिल्टर गच्च. हे सगळं तीन-चार सेकंदांत. मीटरकडे कुणी बघत नव्हतं, मीही नाही. मी पब्लिककडे बघत होते.

माझी समजूत अशी होती की इंधन कमी पडलं तर आधी नॉकचा आवाज येईल आणि मी पाय काढेन. पेट्रोलवर बहुतेक वेळा तसंच होतं. स्पार्कनंतर कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि खडखड ऐकू येते. इथेनॉल या रोगाला पक्कं आहे, म्हणून खडखड आलीच नाही. दुसरा रोग वेगळा. प्लगचं टोक किंवा कार्बनचा एखादा कण तापून लाल होतो आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतो. पिस्टन वर येत असताना खालून ढकलतोय आणि वरून आग दाबतेय. ऑक्टेनचा आकडा पहिल्या रोगाचा आहे, दुसऱ्याचा नाही. त्यातून आमचे प्लग मूळचेच, टर्बोशिवायच्या इंजिनासाठीचे गरम जातीचे. सीनियर्सनी पेट्रोलवर कमी स्पार्क ॲडव्हान्समध्ये ते चालवले होते. आम्ही ४ अंश वाढवले आणि प्लग तसेच ठेवले. मिश्रण भरपूर असतं तोवर ते गार राहिले. मिश्रण कोरडं झालं आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग निखारा झाला. हेड उघडलं तेव्हा त्याचं खालचं इलेक्ट्रोड जागेवर नव्हतंच.

हेड मामांनीच उघडलं. सीनियर्सच्या वेळी हे इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. त्यांनी भोकातून उजेडाकडे बघितलं, पिस्टन पुसला आणि कापलेला फिल्टर बाकावर ठेवला. आत तपकिरी चिखल. मी म्हणाले, "मामा, मी बदलला नव्हता." ते म्हणाले, "म्हाईत हाय. नटावर पान्याची खूण होती, नट जुनाच होता." त्यांना सकाळीच कळलं होतं का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

एच.ओ.डी. सरांपुढे मी एकटीने सांगितलं. सर रागावले नाहीत, त्यांनी फक्त चेकलिस्टवर माझी सही दाखवली. पिस्टन, रिंगा, एक लायनर, गॅस्केट सेट आणि होनिंग, असा खर्च चौघांत वाटला. माझा वाटा जास्त असावा असं माझं म्हणणं होतं, बाकीच्यांनी ऐकलं नाही. दोन महिने नाईट कँटीन बंद!

आता गाडी पुन्हा बांधून झालीय. प्लग दोन पायऱ्या थंड जातीचे. टाकी उतरवून आतून साफ केली, फिल्टर दोन लावले, एक पंपाआधी जाळीचा आणि एक नंतर बारीक. रेलवर दाबाचा सेन्सर बसवलाय आणि ईसीयूमध्ये दोन ओळी टाकल्यात. बूस्ट असताना रेलचा दाब हवा त्यापेक्षा ०.४ बारने पडला, किंवा लॅम्ब्डा ०.८८ च्या वर गेला, की इंजिन स्वतःच कट. माणसाने मीटरकडे बघायची गरज नाही. बादलीची टेस्ट आता दर टाकीमागे होते, जो फिल्टर गाडीवर आहे त्यानेच. पहिली टाकी ९३, दुसरी ८१, तिसऱ्या टाकीला ७४. म्हणजे टाकी साफ करूनसुद्धा लाईनमधून अजून काही ना काही सुटतंय. आम्ही ७५ च्या खाली फिल्टर बदलायचं ठरवलंय, त्यामुळे तो मंगळवारी बदलला. नव्या फिल्टरवर मामांनी मार्करने तारीख घातली आणि मार्कर माझ्या हातात दिला, खाली सही करायला.

पुढची टेस्ट शनिवारी दुपारी ४ वाजता, त्याच चढावर, मुद्दाम टाकी पाव भरून. ज्यांना बघायचं त्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहावं. पावडरचा सिलिंडर धरायला एक जण हवा आहे.